रेघ तुटली म्हणजे नेमकं काय झालं?

विचारणारा खानापूर तालुक्यातला आहे, बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम करतो. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: “काका, दोन वर्षं व्हिडिओ बघून ट्रेंडलाइन, म्हणजे चार्टवर भावाचे तळ जोडणारी रेघ, मारायला शिकलो. पण मी मारलेली रेघ भाव तोडतो, मी विकतो, आणि दोन दिवसांत भाव परत वर जातो. म्हणून पुढच्या वेळी थांबतो, तर तो खालीच जातो. सध्या एका शेअरचे १५० नग २६८ ला घेतलेत. रेघ २५५ ला होती. आज भाव २३१ आहे, पण मागचे तळ जरा वेगळे धरले तर नवीन रेघ २२८ वर बसते. थांबू का विकू? आणि चार्टवरून घ्यायची-विकायची वेळ खरंच कळते का?”

“नवीन रेघ २२८ वर बसते” हे वाक्य मी तीनदा वाचलं. बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतो, पण तुझं दुखणं त्या वाक्यात आहे. तिथे मी शेवटी येईन.

आधी मी हे कुठे शिकलो ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुला ठरवता येईल. १९९६ साली मी खडेबाजारातल्या एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो. शेअर कागदी होते, सोबत ट्रान्स्फर डीड लागायची, सही जुळली नाही की बॅड डिलिव्हरी म्हणून सर्टिफिकेट परत यायचं. भाव मुंबईहून फोनवर यायचे, टर्मिनल नंतर आलं. चार्ट दाखवणारं काही नव्हतं. गणपत गल्लीतून मिलिमीटरचे ग्राफपेपर आणायचे आणि पेपरात छापलेला आदल्या दिवसाचा वरचा, खालचा आणि बंद भाव बघून रोज एक उभी काडी काढायची. मी अकरा कंपन्यांचे असे कागद चालवत होतो.

आमच्याकडे एक निवृत्त सर्व्हेअर यायचे. त्यांनी माझा एक कागद बघितला. त्यावर मी सात-आठ रेघा मारल्या होत्या. त्यांनी तो खिळ्याला अडकवला, मला दारापाशी नेऊन उभं केलं आणि विचारलं, इथून कुठली रेघ दिसते? दहा फुटांवरून पेन्सिलची एकही रेघ दिसत नव्हती. दिसत होता तो काड्यांचा थवा, आणि त्याच्या पोटाखालून वर चढत गेलेली एक मोकळी कड. ती कड धरून त्यांनी दोन गुण्यांनी एकच रेघ मारली आणि बाकीच्या मला खोडायला लावल्या. आजही मी नवा चार्ट उघडला की आधी तो दोन बोटांनी लहान करतो, इतका की एक-एक कॅण्डल, म्हणजे एका दिवसाची काडी, वेगळी दिसू नये. त्या अवस्थेत जी कड दिसते तिथेच रेघ असते. मोबाइलवर जवळ आणून बघितलं की कुठल्याही दोन खड्ड्यांमधून रेघ जाते, आणि तुझ्या बहुतेक रेघा तशा आहेत असं मला वाटतं.

दोन तळ जोडले की रेघ तयार होते, पण तेव्हा ती नुसता अंदाज असते. तिसऱ्या वेळी भाव तिथपर्यंत येऊन उठला, तर ती रेघ दुसऱ्यांनाही दिसते आहे असं समजायचं. तळांमध्ये अंतर हवं. रोजच्या चार्टवर निदान तीन-चार आठवडे तरी. चार दिवसांतल्या तीन तळांची रेघ दोन दिवस टिकते.

आता तुझ्या कामातलंच उदाहरण घे. ड्रॉइंगवर ४० मिलिमीटर लिहिलेलं असतं, पण शेजारी टॉलरन्स दिलेला असतो. ४०.०३ आला म्हणून तू जॉब रिजेक्ट करत नाहीस. मग ट्रेंडलाइनवर ४०० आणि भाव ३९९ झाला की लगेच विकायला का धावतोस? रेघेलाही टॉलरन्स द्यावा लागतो. तो किती, ते शेअरच्या रोजच्या हालचालीवरून ठरतं. गेल्या १४ दिवसांत रोजचा वरचा आणि खालचा भाव यांत सरासरी किती अंतर होतं ते बघ. अमेरिकेतल्या वेल्स वाइल्डर नावाच्या इंजिनिअरने १९७८ साली याचं नीट मोजमाप मांडलं, चार्टवर ते एटीआर नावाने मिळतं. रात्रीत पडलेल्या गॅपचाही, म्हणजे कालचा बंद भाव आणि आज उघडलेला भाव यांतल्या उडीचाही, त्यात हिशेब धरलेला असतो. त्याचा अर्धा भाग मी टॉलरन्स धरतो. अर्धाच का, याला शास्त्र नाही, माझ्या वह्यांतून आलेला तो आकडा आहे.

एक हिशेब पूर्ण करून दाखवतो. समज एका शेअरचा तळ ३४० ला झाला. तीस सत्रांनी, म्हणजे बाजार चालू असलेल्या तीस दिवसांनी, दुसरा तळ ३७० ला. म्हणजे रेघ दिवसाला एक रुपया चढते, आणि साठाव्या सत्राला ती ४०० वर असेल. साठाव्या दिवशी भाव खाली येतो, दुपारी ३९६ दाखवतो, पण बंद होताना ४०५ ला बंद होतो. एटीआर ८ आहे, अर्धा ४. म्हणजे ३९६ हे टॉलरन्सच्या आतलं आहे. रेघ तुटलेली नाही, उलट तिसऱ्यांदा टिकली. त्या दिवसाचा वरचा भाव ४११. मी त्या दिवशी घेणार नाही. दुसऱ्या दिवशी भाव ४११ च्या वर गेला तर ४१२ ला घेईन, कारण तेव्हा खालून उठणारा हात खरा आहे असं दिसतं. नाही गेला तर सोडून देईन. बाहेर पडायची जागा ३९४, म्हणजे त्या तळाच्याही खाली. घेण्याआधी ही जागा कागदावर लिहिलेली असते.

आता नग किती? हे ट्रेंडलाइन शिकवणारे फार कमी सांगतात, आणि माझ्या मते रेघेचा खरा उपयोग इथेच आहे. ४१२ वजा ३९४, म्हणजे एका शेअरमागे १८ रुपये धोका. तुझं भांडवल दोन लाख आहे असं धरू. एका सौद्यात एक टक्क्याच्या वर घालवायचं नाही असं ठरवलं तर २,००० रुपये. २,००० भागिले १८, म्हणजे १११ नग. खरेदी ४५,७३२ रुपयांची झाली. रेघ लांब असेल तर नग कमी होतात, जवळ असेल तर वाढतात. भाव पुढे कुठे जाईल हे मला तीस वर्षांनीही कळत नाही, पण मी कुठे चुकलो असेन ते घ्यायच्या आधी कळतं आणि त्यावरून किती घ्यायचं ते ठरतं. तू म्हणतोस ती ‘वेळ’ मला चार्टवरून एवढीच कळते, आणि एवढ्यावर धंदा चालतो.

एक टक्काच का? माझ्या वह्यांत दहांपैकी जेमतेम चार सौदे बरोबर येतात. शंभर सौद्यांत साठ चुकले आणि प्रत्येकात २,००० गेले, तर १,२०,००० गेले. चाळीस बरोबर आले आणि प्रत्येकात सरासरी ५,००० मिळाले, तर २,००,००० आले. खर्च धरला नाही तर ८०,००० हातात राहतात. पण चुकणारे साठ सौदे ओळीने एक सोडून एक येत नाहीत. शंभर सौद्यांत पाच सलग तोटे कधी ना कधी येणारच. प्रत्येक वेळी एक टक्का लावलास तर पाच तोट्यांनी भांडवल पाच टक्क्यांच्या आत कमी होतं. दहा टक्के लावलेस तर ४१ टक्के जातं, आणि तिथून मूळ जागी यायला जवळपास ७० टक्के कमवावे लागतात. शहापुरात विणकामाचा धंदा असलेली, हिशेबाला पक्की माणसं मी या एका गणितात बसलेली बघितली आहेत.

रेघेवर भाव का उठतो, हेही समजून घे, नाहीतर ती जादू वाटते. आपल्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचे ट्रक येतात ते बघितलं असशील. समज कांद्याचा क्विंटलचा भाव २,००० होता तेव्हा एका शेतकऱ्याने ‘अजून चढेल’ म्हणून चाळीत ठेवला. भाव १,४०० झाला. त्या दिवसापासून तो मनात म्हणत असतो, परत २,००० येऊ दे, सगळा काढतो. असे पाचशे शेतकरी असतात. भाव २,००० ला टेकला की सगळ्यांच्या गाड्या एकाच आठवड्यात यार्डात लागतात आणि भाव तिथे अडतो. चार्टवर याला रेझिस्टन्स म्हणतात. एकदा तो सगळा माल खपून भाव २,३०० ला गेला की उलट होतं. ज्यांनी २,००० ला विकलं ते हळहळतात, आणि ज्यांना घ्यायचा राहिला ते ‘परत २,००० ला आला तर घेऊ’ म्हणून बसतात. अडवणारी पातळी आधार देणारी होते ती अशी.

म्हणून तिरक्या रेघेपेक्षा आडव्या पातळीवर माझा जास्त विश्वास आहे. आडवी पातळी म्हणजे माणसांच्या लक्षात राहिलेला एक ठरावीक भाव. तिरकी रेघ कुणाच्या लक्षात नसते, ती फक्त घेणाऱ्यांची घाई दाखवते: प्रत्येक वेळी थोड्या वरच्या भावाला ते तयार होत आहेत एवढंच. जिथे तिरकी रेघ आणि जुनी आडवी पातळी एकाच जागी येतात, ती जागा मी सोडत नाही.

चढता ट्रेंड म्हणजे आधीपेक्षा उंच शिखरं आणि आधीपेक्षा उंच तळ, ही कल्पना चार्ल्स डाऊ यांच्या लेखनातून आली. ते १९०२ साली वारले, म्हणजे कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. तिला थोडाफार आधारही आहे. जेगदीश आणि टिटमन या दोन अभ्यासकांनी १९९३ साली अमेरिकेतल्या शेअर्सवर दाखवलं, की मागचे ३ ते १२ महिने जे शेअर इतरांपेक्षा जास्त चढले, ते पुढचे काही महिनेही सरासरीने पुढे राहतात. लक्षात घे, हे शेअरांच्या मोठ्या गठ्ठ्याबद्दल आणि सरासरीबद्दल आहे. तुझ्या एका शेअरच्या एका रेघेला यातून हमी मिळत नाही. पण चढत्या शेअरात घ्यायचं आणि पडत्यात तळ शोधत बसायचं नाही, याला बळ मिळतं.

तुझी तक्रार अशी की तुटते आणि परत वर जाते. जून २०२४ आठव. ३ तारखेला, सोमवारी, एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३ ला बंद झाला. ४ जूनला लोकसभेचे निकाल लागले आणि तो २१,८८४ ला बंद झाला, एका दिवसात जवळपास सहा टक्के खाली. त्या दिवशी बाजारातल्या बहुतेक चढत्या रेघा तुटल्या. ७ जूनला निफ्टी २३,२९० ला बंद झाला, म्हणजे तीन सत्रांत सगळं भरून आलं. त्या दिवशी विकलेल्यांचे मला फोन आले, आवाज रडवेले होते. आता त्याच्या शेजारी २०२० ठेव. जानेवारीत निफ्टीने १२,४३० चं शिखर केलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत तो २०० दिवसांच्या सरासरीखाली गेला आणि २८ तारखेला ११,२०१ ला बंद झाला. तेव्हाही सगळे म्हणाले, येईल वर. २३ मार्चला तो ७,६१० ला बंद झाला.

दोन्ही वेळी रेघ तुटताना ती सारखीच दिसली. कुठली खरी, हे त्या संध्याकाळी कुणालाही सांगता आलं नसतं. जो सांगतो की खोटा ब्रेकडाऊन, म्हणजे रेघ तोडून परत वर येणारा भाव, आधी ओळखता येतो, त्याच्यापासून लांब राहा. त्रास कमी करता येतो, तो असा: दिवसभरातली हालचाल सोडून बंद भाव बघायचा, टॉलरन्स द्यायचा, आणि विकल्यावर शेअरशी भांडायचं नाही. परत रेघेच्या वर दोन दिवस बंद झाला तर वरच्या भावाला परत घ्यायचा. ४०० ला विकून ४१० ला परत घेणं लोकांना अपमानासारखं वाटतं. मला ते दहा रुपये विम्याच्या हप्त्यासारखे वाटतात. जून २०२४ मध्ये माझा हप्ता फुकट गेला, मार्च २०२० मध्ये त्याने माझं घर वाचवलं.

आता माझी २००० सालची एक गोष्ट. फेब्रुवारीत सॉफ्टवेअरच्या शेअरांना अक्षरशः आग लागली होती. मी एका कंपनीचे ६० शेअर ९१० ला घेतले होते. रेघ ८४० ला. मार्चमध्ये ती तुटली. मी रात्री कागद घेतला, रबर घेतलं, आणि आधीच्या एका तळातून रेघ नव्याने मारली, ती ७६० ला बसली. ती तुटल्यावर ६१० ला. मग ४३० ला. प्रत्येक वेळी रेघ मारताना मला अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं की आधीची चुकीची होती आणि ही बरोबर आहे. शेवटी २१० ला विकले. ४२,००० रुपये गेले, तो माझा दहा महिन्यांचा पगार होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात सेन्सेक्स ३,००० च्याही खाली गेला. तो ग्राफपेपर माझ्याकडे आहे. पुन्हा पुन्हा खोडल्यामुळे कागद तिथे इतका पातळ झालाय की उजेडासमोर धरला तर आरपार दिसतं. ऑफिसात नवीन पोरगा आला की मी त्याला तो हातात देतो. मोबाइलवरची रेघ बोटाने सरकते, मागे काही खूण उरत नाही. म्हणून रेघ मारलीस की त्या दिवशीचा चार्ट स्क्रीनशॉट काढून ठेव, तारखेसकट.

स्टॉपलॉसबद्दल, म्हणजे बाहेर पडायच्या भावाला लावलेल्या ऑर्डरबद्दल, एक बारकावा. तू शिफ्टला असतोस, सव्वानऊ ते साडेतीन फोन बघता येत नाही, म्हणून जीटीटी, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावत असशील. त्यात ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही) असे दोन भाव असतात. ट्रिगर ३९४ आणि लिमिट ३९० लावलंस, आणि सकाळी शेअर थेट ३८० ला उघडला, तर ट्रिगर होईल पण सौदा होणार नाही, कारण ३९० च्या खाली विकू नको असं तूच सांगितलंस. ऑर्डर लटकत राहते आणि तुला वाटतं आपण सुटलो. लिमिट बरंच खाली ठेव आणि जेवणाच्या सुट्टीत एकदा तपास. तरी गॅप टळत नाही. २२ ऑक्टोबर २०१९ ला इन्फोसिस एका दिवसात १६ टक्के पडला. आदल्या दिवशी मतदानामुळे बाजार बंद होता आणि त्याच सुमारास निनावी तक्रारीची बातमी आली होती. पुढे कंपनीच्या ऑडिट कमिटीच्या चौकशीत त्या तक्रारीत तथ्य आढळलं नाही, पण त्या सकाळी कुठलीही रेघ कामाची नव्हती. म्हणून कंपनीच्या आर्थिक निकालाच्या आदल्या दिवशी मी नग अर्धे करतो.

आपल्या भागातल्या लोकांना साखरेच्या शेअरांचं फार आकर्षण. ऊस आपल्या शेतात, कारखाना आपल्या गावाजवळ, मग शेअर आपल्याला कळणारच असं वाटतं. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. त्या आधी कित्येक साखर शेअरांच्या चढत्या रेघा देखण्या होत्या. एका आदेशाने त्या तुटल्या. आठवडाभरात बंदी थोडी सैल झाली, ते वेगळं. जिथे भाव सरकारी आदेशावर हलतो तिथे मी रेघेवर नेहमीच्या निम्मेच नग घेतो. आणि ऊसबिलाचे पैसे, ज्यातून सोसायटीचं कर्ज फेडायचं आहे, ते तर या कामात आणूच नयेत.

रोज अप्पर सर्किट लागणाऱ्या, म्हणजे दिवसाच्या वरच्या मर्यादेला जाऊन अडकणाऱ्या, छोट्या कंपन्यांच्या चार्टला चार्ट म्हणू नकोस. रोज पाच टक्के चढणाऱ्या शेअरची रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ येते, कारण ती दोन-चार जणांनी मारलेली असते. उलटली की रोज लोअर सर्किट, म्हणजे खालची मर्यादा, आणि विकायला गेलास तर घेणारा कुणी नाही. तिथे ३९४ चा स्टॉपलॉस कागदावरच राहतो. घेण्याआधी एनएसईच्या साइटवर त्या शेअरचा गेल्या महिन्याचा व्हॉल्यूम (किती नगांचे सौदे झाले) आणि त्यातली डिलिव्हरी (त्याच दिवशी न विकता खरंच खात्यात गेलेले नग) किती ते बघ. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आलेलं नाव असेल तर बघायचीही गरज नाही.

स्केलचं एक सांगायचं राहिलं. काही वर्षांचा चार्ट बघताना लॉग स्केल लाव. साध्या स्केलवर ५० वरून १०० आणि ५०० वरून ५५० ही दोन्ही अंतरं सारखी दिसतात, पण पहिल्यात पैसे दुप्पट झाले आणि दुसऱ्यात दहा टक्के वाढले. दरवर्षी सारख्या टक्क्याने चढणारा चांगला शेअरही साध्या स्केलवर वर वाकत जातो, मग जुनी रेघ फार खाली राहते आणि माणूस पुन्हा पुन्हा नव्या, जास्त उभ्या रेघा मारत बसतो. तीन-चार महिन्यांच्या चार्टला फरक पडत नाही. बोनस किंवा स्प्लिट झाल्यावर मागचे भाव जुळवून घेतलेत का तेही बघ, नाहीतर एकास एक बोनसनंतर भाव निम्म्यावर कोसळल्यासारखा दिसतो.

इंडिकेटरबद्दल थोडक्यात. आरएसआय, एमएसीडी, सगळ्या सरासऱ्या त्याच भावातून काढलेल्या असतात. पाच इंडिकेटर एकच सांगतात म्हणजे पाच साक्षीदार झाले असं नाही. मी ५० आणि २०० दिवसांची सरासरी आणि व्हॉल्यूम ठेवतो. आरएसआय (भावाचा जोर शून्य ते शंभरात मोजणारा आकडा) ७० च्या वर गेला म्हणून विकू नकोस, जोरदार चढत्या शेअरात तो महिनाभर वर राहतो आणि सगळा नफा त्याच महिन्यात असतो.

फ्युचर-ऑप्शनचं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या वयाची पोरं तिथेच जातात म्हणून सांगतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपला अभ्यास जाहीर केला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे सौदे करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांचा तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. रोखीच्या बाजारात इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकणं, करणाऱ्यांचाही सेबीने अभ्यास केला, त्यात २०२२-२३ मध्ये दहांपैकी सात तोट्यात होते. पाच मिनिटांच्या चार्टवरच्या रेघा मी कधीच वापरल्या नाहीत. तिथे प्रत्येक सौद्याला ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), जीएसटी लागतो आणि तुझ्यासमोर यंत्रं बसलेली असतात.

तुझ्यासारख्या नोकरदाराला रविवार पुरतो. आधी आठवड्याचा चार्ट: शिखरं आणि तळ चढते नसतील तर तो शेअर यादीतून काढ. उरलेल्यांत रोजच्या चार्टवर रेघेच्या जवळ आलेले किती ते बघ, बहुतेक रविवारी एक-दोनच निघतील, कधी एकही नाही. त्यांचा घ्यायचा भाव, बाहेर पडायचा भाव आणि नग वहीत लिहून सोमवारी कामाला जाताना ऑर्डर लाव. बुधवारी रात्री एकदा बघ. रोज बघितलंस तर रोज काहीतरी करावंसं वाटेल.

आता तुझे १५० नग. २६८ ला घेतलेस, रेघ २५५ ला. टॉलरन्स पाच रुपये धर, म्हणजे २५० च्या खाली बंद झाला त्या संध्याकाळी तुझं घेण्याचं कारण संपलं होतं. तिथे निघाला असतास तर २,७०० गेले असते. आज ५,५५० गेलेत. २२८ ची रेघ तू शेअर घ्यायच्या आधी मारली नव्हतीस, तोटा झाल्यावर मारलीस. कुणी तुला आज कोरा चार्ट दिला आणि तुझ्याकडे हा शेअर नसता, तर २३१ ला घेतला असतास का? मला तुझं उत्तर माहीत आहे, कारण त्याचे तळ आता उतरते आहेत.

उद्या विक. सकाळच्या पहिल्या पंधरा मिनिटांत नको, भाव फार उड्या मारतात. दहाच्या सुमारास सगळे १५० एकाच वेळी काढ, अर्धे ठेवून वाट बघू नकोस. घेऊन वर्ष झालं नसेल तर हा अल्पमुदतीचा तोटा धरला जाईल. या वर्षी दुसऱ्या शेअरात नफा झाला तर त्यातून वजा होईल, आणि मुदतीच्या आत रिटर्न भरून त्यात तो दाखवलास तर पुढची आठ वर्षं ओढता येईल. रिटर्न भरणाऱ्याला ब्रोकरचं वर्षाचं नफा-तोटा स्टेटमेंट नेऊन दे, पगाराचा फॉर्म १६ एवढाच देऊन येऊ नकोस.